पॅरासिटामॉल रॅटला सोसते, मग माउसला का नाही? आणि माणसाचा हिशोब कोणावरून करायचा?

प्रश्न : अर्क_आणि_यकृत

नमस्कार. मी एम. फार्म.च्या दुसऱ्या वर्षात औषधशास्त्र विषय घेऊन शिकते आहे. एका वनस्पतीच्या पानांचा अर्क यकृताचे रक्षण करतो का, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. विभागात पूर्वीपासून चालत आलेल्या पद्धतीनुसार विस्टार रॅटना (प्रयोगशाळेतील मोठ्या उंदरांची एक जात) आठवडाभर अर्क पाजला, शेवटच्या दिवशी किलोमागे २ ग्रॅम पॅरासिटामॉल सीएमसीमध्ये (औषध पाण्यात धरून ठेवणारा चिकट पदार्थ) घोटून तोंडावाटे दिले आणि २४ तासांनी रक्त घेतले. ज्या गटाला फक्त पॅरासिटामॉल दिले होते, त्यातही एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम) एकसारखे वाढलेले नाही. काही प्राण्यांत ते दुपटीच्या वर गेले, तर काहींत जवळपास जागचे हललेच नाही. अर्क दिलेल्या गटाचे आकडे कमी आले आहेत, पण मुळात इजाच इतकी कमी-जास्त झालेली असताना त्या फरकावर कितपत विसंबावे, हे मला समजत नाही.

वाचताना असे दिसले की माइसमध्ये (माउस म्हणजे लहान उंदीर) हेच काम किलोमागे ३०० मिलिग्रॅममध्ये होते. दोन्ही प्राणी इतके जवळचे असताना मात्रेत एवढी तफावत का असावी? पुढील टप्प्यासाठी माइस घ्यावेत का? आणि डोस-रूपांतराच्या तक्त्याने यावरून माणसासाठीचा डोस काढता येईल का? प्रबंधात तसे एक परिशिष्ट जोडावे, असे मला सुचवण्यात आले आहे.

उत्तर १ : विषशास्त्र

तुमच्या आकड्यांमधील विखुरलेपणा हा हाताळणीतील दोष असेलच असे नाही. पॅरासिटामॉलच्या बाबतीत रॅट हा मुळातच चिवट प्राणी आहे, आणि त्याचे कारण त्याच्या यकृतात आहे.

माणसाने नेहमीच्या मात्रेत घेतलेल्या पॅरासिटामॉलचा निम्म्याहून थोडा अधिक भाग ग्लुकुरोनाइड होऊन आणि साधारण तिसरा हिस्सा सल्फेट होऊन लघवीवाटे निघून जातो. हे दोन्ही मार्ग निरुपद्रवी आहेत. उरलेला अल्प भाग, शेकडा ५ ते १० च्या आसपास, सायटोक्रोम पी४५० कुळातील एन्झाइमांच्या, त्यातही मुख्यतः सीवायपी२ई१च्या हाती लागतो आणि त्यातून एनएपीक्यूआय हा अतिशय क्रियाशील पदार्थ तयार होतो. पेशीतले ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य त्याला तत्काळ बांधून ठेवते, म्हणून दोन गोळ्या घेतल्याने कोणाचे यकृत बिघडत नाही. मात्रा वाढली की सल्फेटचा मार्ग आधी भरून जातो, अधिक औषध एनएपीक्यूआयच्या वाटेला लागते, ग्लुटाथायोनचा साठा आटतो आणि मोकळे राहिलेले एनएपीक्यूआय पेशीतील प्रथिनांना चिकटते. ही साखळी १९७३ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मिचेल, जॉलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रामुख्याने माइसवरच उलगडली. पुढे १९९६ मध्ये सीवायपी२ई१चे जनुक काढून टाकलेल्या माइसना हीच विषारी मात्रा बरीचशी सोसते असे दिसले, तेव्हा या एन्झाइमाचा वाटा आणखी स्पष्ट झाला.

आता रॅट. त्याच्यात सल्फेटचा मार्ग माउसपेक्षा बराच जोरकस आहे, त्यामुळे औषधाचा मोठा भाग परस्पर सुरक्षित वाटेने निघून जातो. एनएपीक्यूआय त्याच्यातही तयार होते, प्रथिनांनाही चिकटते. मात्र पेशीचा मृत्यू ज्यावर ठरतो त्या मायटोकॉन्ड्रियातील (पेशीची ऊर्जा बनवणारे भाग) प्रथिनांना चिकटलेला अंश माउसच्या तुलनेत कमी राहतो. म्हणून किलोमागे १ ते २ ग्रॅम देऊनही पुष्कळ रॅट किरकोळ इजेवर निभावतात, आणि ज्याचा तोल थोडा इकडे-तिकडे असेल त्याचेच एसजीपीटी उसळते. तुमच्या गटात नेमके हेच दिसत असावे.

माउस माणसाच्या अधिक जवळ जातो, पण त्यालाही मर्यादा आहेत. माउसमध्ये ग्लुटाथायोन अर्ध्या-एक तासात तळाला जाते आणि एसजीपीटी पहिल्या दिवसातच शिखर गाठते. माणसात ते शिखर यायला साधारण दोन-तीन दिवस लागतात. इजेची वाट तीच असली तरी वेग निराळा आहे, हे लक्षात ठेवून वेळापत्रक आखावे. माइस घेतलेत तर नर घ्यावेत, कारण माद्या या विषाला अधिक तोंड देतात. आदल्या रात्री उपाशी ठेवायचे की नाही, हेही सर्व गटांसाठी आधीच ठरवून तसे नोंदवावे. उपासाने यकृतातील ग्लुटाथायोन घटते आणि तेवढ्यानेही निकाल फिरतो.

उत्तर २ : मात्रागणित

डोस-रूपांतराच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे, म्हणून ते मांडून दाखवतो. अमेरिकी औषध प्रशासनाच्या २००५ च्या मार्गदर्शिकेतील तक्ता शरीराच्या पृष्ठभागावर आधारलेला आहे. त्यानुसार किलोमागील मात्रेला रॅटसाठी ६.२ ने आणि माउससाठी १२.३ ने भागायचे असते. रॅटचे २००० मिलिग्रॅम म्हणजे माणसासाठी किलोमागे सुमारे ३२३, अर्थात ६० किलोच्या व्यक्तीला १९ ग्रॅमच्या वर. माउसचे ३०० मिलिग्रॅम म्हणजे किलोमागे सुमारे २४, अर्थात त्याच व्यक्तीला जेमतेम दीड ग्रॅम. दीड ग्रॅम म्हणजे ५०० च्या तीन गोळ्या. निरोगी प्रौढाला दिवसभरात विभागून ४ ग्रॅमपर्यंत पॅरासिटामॉल चालते, आणि यकृताला धोका साधारणपणे किलोमागे १५० मिलिग्रॅमच्या पुढे, म्हणजे या व्यक्तीत ९ ग्रॅमच्या आसपास, धरला जातो. एकाच तक्त्याने एका प्राण्यावरून दुपटीहून मोठा आणि दुसऱ्यावरून सहापट लहान आकडा दिला.

हा तक्त्याचा दोष नाही. नवीन औषध माणसाला पहिल्यांदा देताना सुरुवात किती कमी मात्रेने करावी, एवढ्यापुरता तो केलेला आहे. त्यातही प्राण्याला काहीही इजा न झालेली मात्रा घ्यायची असते आणि आलेल्या उत्तराला आणखी किमान दहाने भागायचे असते. विषारी मात्रेवरून माणसाची विषारी मात्रा सांगणे हे त्याचे काम नाही. रूपांतर वजन आणि पृष्ठभाग जाणते. कोणत्या यकृतात कोणते एन्झाइम किती आहे, हे ते जाणत नाही. ते परिशिष्ट जोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अर्क_आणि_यकृत

दोघांचेही मनापासून आभार. तो हिशोब मी स्वतः करून पाहिला आणि परिशिष्टाचा विचार सोडून दिला. एक गोष्ट विचारायची राहिली. माइसमध्ये इजा एकसारखी झाली आणि अर्क दिलेल्या गटात ती कमी दिसली, तर अर्क यकृताचे रक्षण करतो असे म्हणता येईल ना?

उत्तर ३ : विषशास्त्र

लगेच म्हणता येणार नाही, आणि आपल्याकडच्या महाविद्यालयांतून होणाऱ्या या प्रकारच्या कामाबद्दल मला सर्वांत जास्त काळजी इथेच वाटते.

पॅरासिटामॉल स्वतः विषारी नाही. यकृत त्याचे विष बनवते. त्यामुळे आधीपासून दिलेल्या अर्काने सीवायपी२ई१चे काम नुसते मंदावले, तरी एनएपीक्यूआय कमी बनेल, एसजीपीटी खाली राहील आणि ऊतकांच्या काचपट्ट्याही चांगल्या दिसतील. तिथे अर्काने यकृताला वाचवलेले नसते, विष बनू दिलेले नसते. हा फरक शब्दच्छल नाही. रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा गोळ्या घेऊन कित्येक तास झालेले असतात आणि एनएपीक्यूआय बहुतांशी बनून गेलेले असते. शिवाय एन्झाइमे रोखणारा अर्क माणसाने रोज घेतला, तर त्याच्या दुसऱ्या एखाद्या औषधाची रक्तातील पातळी वाढण्याचा धोका असतो.

अर्क कशात विरघळवला आहे, हेही पाहा. डीएमएसओ, अल्कोहोल आणि प्रोपिलीन ग्लायकॉल ही तिन्ही द्रावके सीवायपी२ई१ला अडवतात. अर्काच्या गटाला डीएमएसओ आणि तुलनेच्या गटाला नुसते पाणी दिले असेल, तर श्रेय डीएमएसओचे आणि नाव वनस्पतीचे, असे होऊन बसते.

यावर उपाय अवघड नाहीत. काही प्राण्यांत पॅरासिटामॉल दिल्यानंतर अर्ध्या तासाने यकृतातील ग्लुटाथायोन मोजा. अर्काच्या गटातही ते तुलनेच्या गटाइतकेच घसरले असेल, तर विष बनले होते आणि अर्काचा परिणाम त्यानंतरचा आहे, असे म्हणायला आधार मिळतो. ते घसरलेच नसेल, तर विष कमी बनल्याची शंका आधी दूर करावी लागेल. अर्काने साठा आधीच वाढवला होता का, हे अर्क दिलेल्या पण पॅरासिटामॉल न दिलेल्या गटावरून कळेल. एका गटाला अर्क पॅरासिटामॉलनंतर दीड-दोन तासांनी द्या. आणि तुलनेसाठी केवळ सिलिमरिन (यकृतरक्षक म्हणून वापरला जाणारा वनस्पतिजन्य पदार्थ) न ठेवता एन-ॲसिटिलसिस्टीनचा गटही ठेवा; १९७० च्या दशकात एडिनबरा येथे प्रेस्कॉट यांनी ते विषबाधेच्या रुग्णांना शिरेवाटे दिले आणि आजही मुख्य उतारा तोच आहे.

उत्तर ४ : जैवविश्लेषण

मी औषधकंपन्यांसाठी रक्त आणि लघवीतील चयापचितांचे, म्हणजे शरीरात औषधापासून बनणाऱ्या पदार्थांचे, मोजमाप करते. हा प्रश्न पॅरासिटामॉलपुरता नाही, म्हणून दोन उदाहरणे जोडते.

१९५८ मध्ये क्विन, ॲक्सेलरॉड आणि ब्रॉडी यांनी हेक्सोबार्बिटल हे झोपेचे औषध किलोमागे १०० मिलिग्रॅम या एकाच मात्रेत माउस, ससा आणि रॅट यांना दिले. माउस सुमारे १२ मिनिटांत जागा झाला, ससा ४९ मिनिटांत आणि रॅट ९० मिनिटांत. केवळ वजनाने ठरले असते, तर ससा रॅटच्या कितीतरी नंतर उठायला हवा होता. औषध रक्तात निम्मे व्हायला माउसमध्ये १९ मिनिटे लागली, माणसात सुमारे ६ तास.

दुसरे उदाहरण वेगाचे नाही, वाटेचे आहे, आणि ते जास्त गंभीर आहे. एसजीएक्स५२३ या कर्करोगावरील औषधाच्या सुरक्षा-चाचण्या रॅट आणि कुत्र्यांवर झाल्या होत्या. माणसांना ते दिल्यावर काहींची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासात असे दिसले की माणसाचे यकृत आल्डिहाइड ऑक्सिडेज या एन्झाइमाने त्यापासून एक जवळजवळ न विरघळणारा पदार्थ बनवते. माकडातही तो बनतो. कुत्र्याच्या यकृतात हे एन्झाइम काम करीत नाही आणि रॅटमध्ये तो पदार्थ फार थोडा बनला. म्हणजे ज्या पदार्थाने माणसांना इजा केली, त्याची परीक्षा त्या प्राण्यांवर खऱ्या अर्थाने झालीच नव्हती. म्हणूनच आता प्राणी निवडण्याआधी माणूस, रॅट, कुत्रा, माकड यांच्या यकृतपेशींमध्ये औषध ठेवून कोणाच्या पेशी काय बनवतात ते शेजारी शेजारी पाहिले जाते.

उत्तर ५ : पशुवैद्य_सातारा

वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे मांजर असेल, तर एवढे नोंदवून ठेवतो. मांजरात पॅरासिटामॉलचे ग्लुकुरोनाइड बनवणारे जनुक निकामी आहे. त्यामुळे माणसाची अर्धी गोळीही तिच्या जिवावर बेतू शकते. यकृताआधी रक्तच बिघडते, हिरड्या तपकिरी पडतात आणि श्वास लागतो. ताप वाटला तरी घरचे पॅरासिटामॉल मांजराला देऊ नका, आणि चुकून पोटात गेले असेल तर लक्षणांची वाट न पाहता लगेच दवाखान्यात न्या.

अर्क_आणि_यकृत

मार्गदर्शकांशी बोलणे झाले. नर स्विस अल्बिनो माइस, ग्लुटाथायोनचे मोजमाप, पॅरासिटामॉलनंतर अर्क देण्याचा गट आणि एन-ॲसिटिलसिस्टीनचा गट, असा सुधारित आराखडा प्राणी-नीती समितीकडे नव्याने मंजुरीसाठी पाठवते आहे. रॅटचे निकाल प्रबंधात जसेच्या तसे ठेवणार आहे. ज्या प्राण्यांचे एसजीपीटी वाढले नाही, त्यांचे आकडेही त्यात असतील.