पूतना: महाभारत, भागवत आणि आपली मारबत

बाळकृष्णाला विषारी दूध पाजायला सुंदरीच्या रूपात आलेली राक्षसी पूतना महाभारतातच आहे, असा एक दावा आहे. तसं नाही. सभापर्वात शिशुपाल भीष्माला हिणवतो की कृष्णानं लहानपणी एक पक्षीण (म्हणजे पूतना) मारली, त्यात नवल काय? पुढे स्त्रीहत्येचा ठपकाही ठेवतो. एवढंच. वनपर्वातल्या स्कंदाच्या, म्हणजे कार्तिकेयाच्या, कथेत मात्र पूतना मुलांना पछाडणारा ग्रह, म्हणजे पिशाच्चासारखी बाधा आहे. सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथातल्या उत्तरतंत्र भागात सांगितलेल्या 9 बालग्रहांतही ती येते.

हरिवंशात, म्हणजे महाभारताच्या परिशिष्टात, ती कंसाची दाई. मध्यरात्री पक्षिणीच्या रूपात गोकुळात शिरते. केसांत मोगरा माळलेली देखणी बाई ठळकपणे उभी राहते ती भागवताच्या दहाव्या स्कंधात, सहाव्या अध्यायात. मरताना तिचं मूळ धूड पडतं आणि 3 गव्यूती, म्हणजे 6 कोसांतली झाडं चिरडतं. गोकुळातले लोक कुऱ्हाडीनं तुकडे करून ते दूर नेऊन जाळतात, आणि चितेच्या धुराला अगरूचा, म्हणजे सुगंधी लाकडाचा, वास येतो! कृष्णाला स्तन दिला म्हणून तिला आईची गती, म्हणजे मोक्ष, मिळते. हा भक्तिपरंपरेनं घडवलेला खरा पालट, आणि माझ्या मते सगळ्यांत धाडसी.

आता आपल्याकडे या. नागपुरात पोळ्याच्या पाडव्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मिरवणुकीनं निघणाऱ्या मारबत या मोठ्या पुतळ्याचा संबंध पूतनेशी जोडतात. धिंड काढून बाहेर नेऊन जाळणं भागवताशी जुळतं, पण 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' ही आरोळी मोक्षाची नाही, रोगराई हाकलण्याची आहे. म्हणून मला ती वनपर्वातल्या ग्रहाच्या जास्त जवळची वाटते. काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींपैकी पिवळीची तर लोक पूजाही करतात. तिचा धागा वेगळा तपासायला हवा.