मदत हवी आहे: सेलेनियम आयडीईत रेकॉर्ड केलेली टेस्ट परत चालवली की शेतकऱ्याच्या नावावर अडकते

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका छोट्या ऑफिसात काम करते. गूळ अडत दुकानांसाठी ब्राउझरमध्ये चालणारं सॉफ्टवेअर आम्ही तिघं मिळून करतो. सौद्यातला भाव आणि रव्यांची (गुळाच्या ढेपांची) संख्या भरली की हमाली, तोलाई, वाहनभाडं आणि उचल (आधी घेतलेली रक्कम) वजा होऊन शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे हिशोबाची पावती, निघते. दोघं प्रोग्रॅमर आहेत. मी बी.कॉम., हिशोब पक्का, पण कोड लिहिता येत नाही. टेस्टिंग माझ्याकडे.

आधी हे का विचारतेय ते सांगते. गेल्या हंगामात वाहनभाड्याच्या स्क्रीनमध्ये एक बदल केला. मी तेवढीच स्क्रीन तपासली आणि अपडेट दिलं. दोन दिवसांनी दुकानातून फोन आला, म्हणून मार्केट यार्डात गेले. पन्हाळ्याकडचे एक काका पट्टी घेऊन उभे होते. ३० किलोचे ४१ रवे, म्हणजे १२ क्विंटल ३० किलो, भाव क्विंटलला ४,१५०. एकूण ५१,०४५ बरोबर होते. पण हमाली एकदा स्वतःच्या ओळीत आणि परत 'इतर खर्चा'त धरलेली. काकांनी घरी वहीच्या पानावर सगळी आकडेमोड करून आणली होती आणि त्या ओळीवर बोट ठेवून ते गप्प उभे होते. पैसे त्याच दिवशी परत दिले, पण वहीत हिशोब न मांडणाऱ्या किती जणांच्या पट्ट्या तशाच गेल्या असत्या, हे डोक्यातून जात नाही.

तेव्हापासून नियम केला की बदल कुठलाही असो, सगळ्या प्रकारच्या पट्ट्या तपासल्याशिवाय अपडेट द्यायचं नाही. हातानं हे करायला अर्धा दिवस जातो. म्हणून फायरफॉक्समध्ये सेलेनियम आयडीई टाकलं. ब्राउझरमध्ये आपण केलेल्या पायऱ्या रेकॉर्ड करून ते आपोआप परत चालवतं. रेकॉर्ड दाबून एक पट्टी केली, सगळ्या पायऱ्या आपोआप लिहिल्या गेल्या. फार आनंद झाला. पण परत चालवलं की असं होतं:

नावाच्या चौकटीत तीन अक्षरं टाकली की खाली शेतकऱ्यांची यादी उघडते, त्यातून नाव निवडायचं असतं. टेस्ट चालवताना अक्षरं चौकटीत दिसतात, यादी मात्र उघडतच नाही. मग पुढच्या क्लिकला एलिमेंट, म्हणजे यादीतलं ते नाव, सापडत नाही आणि टेस्ट लाल, म्हणजे नापास. मध्ये ३,००० मिलिसेकंदांचा पॉज घालून पाहिला, फरक नाही.

नाव हातानं निवडून पुढं नेलं तर प्रिंटच्या बटणाला फायरफॉक्सची प्रिंटची खिडकी उघडते आणि टेस्ट तिथंच थांबून राहते.

आणखी एक. व्हिडिओत 'क्लिक अँड वेट' वापरा असं सांगतात. माझ्याकडे त्या नावाची कमांडच नाही. काही टाकायचं राहिलंय का?

प्रतिसाद १

ताई, शेवटचं आधी. काही राहिलेलं नाही, व्हिडिओ जुना आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ आला, त्यानं जुन्या पद्धतीचे अ‍ॅड-ऑन बंद केले आणि जुनं आयडीईही त्याच सुमारास बंद पडलं. आताचं आयडीई नव्यानं लिहिलेलं आहे, त्यात 'अँड वेट'वाल्या कमांड नाहीत. २०१७ च्या आधीचं काही बघूच नका, नुसता गोंधळ होईल.

नावाचं दुखणं 'टाइप' कमांडमध्ये आहे. ती मजकूर थेट चौकटीत बसवते, एकेक कळ दाबल्यासारखं करत नाही. तुमची यादी कळ दाबल्यावर उघडत असणार, म्हणून तिला काही कळतच नाही. तिथं 'सेंड कीज' वापरा. आणि पॉज काढून 'वेट फॉर एलिमेंट व्हिजिबल' घाला, टार्गेटमध्ये (कमांड कशावर चालवायची तो रकाना) यादीतलं नाव आणि व्हॅल्यूत ३०,००० (मिलिसेकंद). पॉज तीन सेकंद म्हणजे तीन सेकंद थांबणारच. वेट नाव दिसलं की लगेच पुढं जातो आणि नेट संथ असेल तर तीस सेकंदांपर्यंत वाट बघतो.

प्रिंटची खिडकी ब्राउझरची स्वतःची असते, आयडीईचा हात तिथं पोचत नाही. प्रिंटच्या क्लिकच्या अगदी आधी 'रन स्क्रिप्ट' घाला आणि त्यात पानाचं विंडो डॉट प्रिंट हे प्रिंटची खिडकी उघडणारं फंक्शन रिकामं करा. ओळ तुमच्या प्रोग्रॅमरकडून लिहून घ्या, एकच आहे. पान परत लोड झालं की ते पुसलं जातं, म्हणून जागा महत्त्वाची.

धागाकर्ती

दादा, यादी उघडली! पण चौकटीत आधीच्या पट्टीचं नाव असेल तर नवीन अक्षरं त्याच्यापुढं चिकटतात.

प्रतिसाद १

बरोबर, 'सेंड कीज' आधीचं पुसत नाही. त्याच्या आधी त्याच चौकटीवर 'टाइप' घाला आणि व्हॅल्यू रिकामी ठेवा.

प्रतिसाद २

मी इचलकरंजीत हेच काम करतो, अनुभवाचं सांगतो. तुमची टेस्ट पट्टी निघाली एवढंच बघतेय की आकडे पण? काकांच्या पट्टीत पट्टी निघालीच होती की. वजावटीच्या प्रत्येक ओळीला 'व्हेरिफाय टेक्स्ट' लावा आणि निव्वळ रकमेला शेवटी 'असर्ट टेक्स्ट'. व्हेरिफाय चुकला तरी टेस्ट पुढं चालते, म्हणजे कुठल्या कुठल्या ओळी बिघडल्या ते एका फेरीत कळतं. असर्ट चुकला की तिथंच थांबते. मजकूर अक्षर न् अक्षर जुळावा लागतो. स्क्रीनवर मराठी आकडे असतील तर तुम्हीही मराठीतच लिहा, स्वल्पविरामासकट.

आणि आयडीई टार्गेटला कुठला आयडी (कोडमध्ये चौकटीला दिलेलं नाव) पकडतंय ते बघा. शेवटी नंबर लागलेला असेल आणि पान उघडताना तो बदलत असेल तर आज ना उद्या टेस्ट पडणार. टार्गेटच्या यादीत दुसरे पर्याय असतात, त्यातला टिकाऊ निवडा. नाहीतर प्रोग्रॅमरला महत्त्वाच्या चौकटींना कायमचं नाव द्यायला सांगा. दहा मिनिटांचं काम आहे, त्यांनी कंटाळा केला तर मागं लागा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री बसून काकांचीच पट्टी पहिली टेस्ट म्हणून केली: ४१ रवे, ४,१५० भाव, वहीतल्या सगळ्या वजावटी. वीस वेळा चालवली, वीसही वेळा हिरवी. मग आमच्या प्रोग्रॅमरला टेस्टच्या सर्व्हरवर तो जुना चुकीचा कोड मुद्दाम परत टाकायला लावला. 'इतर खर्चा'ची ओळ लाल झाली आणि खाली निव्वळ रक्कमही. हमालीची ओळ हिरवीच होती, म्हणजे दुसऱ्यांदा कुठं धरली तेही दिसलं. उद्यापासून उचलीच्या पट्ट्या घेते.