कुंडीत बेडकाची अंडी, पण पाण्याचा टिपूस नाही?

पागोळी:
आंबोलीला सासूबाईंकडे आलेय. आठवडाभर रात्री ओटीवर टिक-टिक-टिक. आधी वाटलं, विजेचा मीटर बिघडला. ह्यांनी तर भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून पाहिला! परवा बॅटरी मारली तर नेच्याच्या कुंडीच्या काठावर अंगठ्याच्या पेराएवढा तपकिरी बेडूक, गळ्याखाली हा एवढा पारदर्शक फुगा. आज त्याच कुंडीतली कुजकी पानं उचलली, तर खाली ओल्या मातीत भिजवलेल्या साबुदाण्यासारखी अंडी. चौदा मोजली. सासूबाई म्हणतात, वाडग्यात पाणी घालून त्यात सोड, नाहीतर मरतील बिचारी. सोडू का?

घाटवाट:
अजिबात नको! पाण्यात घातलीत तर मरतील. हा झुडुपांवरचा बेडूक दिसतोय. यांचे बेडूकमासे पाण्यात पोहत नाहीत, सगळी वाढ अंड्यातच होते आणि चार पायांचं पिल्लूच बाहेर येतं. शाळेतलं ते जीवनचक्राचं चित्र इथे विसरा. पानं होती तशी झाका, कुंडी हलवू नका. फोटो आहे का?

पागोळी:
झाकली. फोटो काढला, पण त्यात बेडूक कमी आणि माझा अंगठा जास्त.

कातळफूल:
फोटो धड असता तरी जात ओळखणं अवघडच, ताई. आवाज रेकॉर्ड करा, त्यावरून जास्त कळतं. राओर्केस्टिस बॉम्बेएन्सिस असू शकतो. नाव मुंबईचं, पण १९१९ साली प्राणिशास्त्रज्ञ अ‍ॅनंडेलने वर्णन केलं ते आता कर्नाटकात असलेल्या कॅसलरॉकच्या बेडकांवरून. तेव्हा तो भाग मुंबई इलाख्यात होता ना! शिवाय तुमच्या गावाचंच नाव मिळालेला स्यूडोफिलॉटस आंबोली आहेच, २००९ साली वर्णन झालेला. त्याचीही पिल्लं अशीच थेट अंड्यातून.

घाटवाट:
आणि कुंडीत कीटकनाशक मारू नका, एवढं पाळा.

पागोळी:
बऱ्याच दिवसांनी लिहितेय. पाच अंडी गेली, त्यातली दोन मुंग्यांनी नेताना मी स्वतः पाहिली. बाकीच्यांत आधी काळे डोळे दिसायला लागले, मग आत काहीतरी वळवळायचं. काल पहाटे पानावर मसुराच्या दाण्याएवढा बेडूक! बुडाला शेपटीचा इवलासा ठिपका अजून होता. सासूबाईंना भिंगातून दाखवला. त्यांनी कुंडीशेजारी पाण्याचं वाडगं ठेवलंच, "तहान लागली तर?" म्हणून.