शब्दचर्चा : बेसबॉलमधील ‘पेरोल’साठी मराठी शब्द कोणता?

प्रश्न : अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलचा मोसम संपला की हिवाळाभर संघांच्या ‘पेरोल’ची, म्हणजे खेळाडूंच्या पगारावरील एकूण रकमेची, चर्चा चालते. मराठीत त्यासाठी ‘पगारमर्यादा’ आणि ‘वेतनखर्च’ हे दोन्ही शब्द वापरलेले मी पाहिले आहेत. यांपैकी योग्य कोणता? आणि ‘डिफर्ड’, म्हणजे करारानुसार नंतरच्या वर्षांत द्यायच्या, रकमेला ‘थकीत वेतन’ म्हणावे का?

उत्तर : ‘पगारमर्यादा’ हा शब्द इथे वापरूच नये. तो आपल्याकडे आयपीएलच्या सवयीने येतो. आयपीएलच्या २०२५ च्या मोसमाआधीच्या मोठ्या लिलावात प्रत्येक संघाला १२० कोटी रुपयांची कमाल मर्यादा होती आणि तिच्यापलीकडे जाण्याची सोयच नव्हती. बेसबॉलमध्ये संघाने कितीही खर्च करावा, त्याला कोणी अडवत नाही. फक्त एक रक्कम ठरलेली असते आणि ती ओलांडल्यास वरच्या भागावर कर बसतो. ही रक्कम २०२४ साठी २३ कोटी ७० लाख डॉलर आणि २०२५ साठी २४ कोटी १० लाख डॉलर होती. कराचा दर पहिल्या वर्षी २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३० टक्के आणि तिसऱ्या वर्षापासून ५० टक्के असतो, शिवाय फार पुढे गेलेल्या संघावर अधिभार लागतो. मात्र एखादा मोसम या रकमेखाली काढला की दर पुन्हा २० टक्क्यांवर येतो. दारिद्र्यरेषेप्रमाणे हिच्या ‘वर’ आणि ‘खाली’ असता येते, म्हणून मी ‘कररेषा’ हा शब्द सुचवतो.

आता मूळ शब्दाकडे येऊ. ‘वेतनखर्च’ चुकीचा नाही, पण अपुरा आहे, कारण इंग्रजीतील त्या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या रकमा सांगितल्या जातात. संघाने त्या वर्षी प्रत्यक्ष चुकते केलेले पैसे हा ‘वेतनखर्च’; आणि कर मोजताना धरली जाणारी, म्हणजे कराराच्या एकूण रकमेची वार्षिक सरासरी काढून आलेली रक्कम, हे ‘करपात्र वेतन’. हा भेद दाखवला नाही तर लॉस एंजेलिस डॉजर्स या संघाची सगळी आखणीच वाचकाला उमगत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी जपानी खेळाडू शोहेई ओहतानीशी १० वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार केला. त्यानुसार त्याला दरवर्षी हातात मिळतात २० लाख डॉलर. उरलेले ६ कोटी ८० लाख डॉलर प्रतिवर्षी २०३४ ते २०४३ या काळात बिनव्याजी दिले जाणार आहेत. पैसे इतक्या उशिरा मिळणार असल्याने त्यांचे आजचे मूल्य कमी धरले जाते आणि करपात्र वेतन वर्षाला सुमारे ४ कोटी ६० लाख डॉलर भरते. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क मेट्स संघाने हुआन सोटो या खेळाडूला १५ वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख डॉलर देऊ केले, त्यात पुढे ढकललेले काहीच नव्हते, आणि त्यामुळे त्याचे करपात्र वेतन ५ कोटी १० लाख, म्हणजे ओहतानीपेक्षा अधिक झाले.

‘थकीत’ मात्र कदापि म्हणू नये. वेतन आयोगाची थकबाकी म्हणजे काय, हे महाराष्ट्रातील प्रत्येक घराला ठाऊक आहे : देय झालेली आणि तरीही न मिळालेली रक्कम. ओहतानीचे पैसे अजून देयच झालेले नाहीत. शिवाय त्यांची तरतूद संघाला आधीपासून करून ठेवावी लागते. ‘विलंबित’ शब्दातही दोष सूचित होतो. ‘पुढे ढकललेले वेतन’ हे साधे शब्द पुरेसे आहेत.

दुसरा प्रश्न : ‘रोस्टर’ (संघातील खेळाडूंची यादी) कधी २६ जणांचा तर कधी ४० जणांचा लिहिलेला दिसतो. दोन्हींना ‘संघ’ म्हणता येईल का?

उत्तर : मोसमात सामन्यांसाठी उपलब्ध असतात त्या २६ जणांना ‘संघ’ म्हणावे, ४० जणांच्या सूचीला ‘नोंदयादी’. करपात्र वेतन या मोठ्या यादीवरून मोजतात आणि हिवाळ्यातील खरी ओढाताण तिच्यातील जागांसाठीच असते. दीर्घ दुखापतीमुळे मोसमात यादीबाहेर ठेवलेल्यांना मोसम संपताच परत आत घ्यावे लागते. त्याच वेळी, दुसऱ्या संघाने उचलू नयेत म्हणून काही होतकरू खेळाडूंचीही नावे तिच्यात घालायची असतात. मग कोणाला तरी पुढील वर्षाचा करार दिला जात नाही. याला आपण चटकन ‘वगळले’ म्हणतो, पण क्रिकेटमुळे त्या शब्दाचा अर्थ ‘सामन्याच्या संघातून काढले’ असा होतो, तर इथे खेळाडू पूर्ण मोकळा होतो आणि प्रसंगी कमी रकमेवर त्याच संघाकडे परतूही शकतो. म्हणून ‘करार देऊ केला नाही’ असेच लिहावे, वाक्य दोन शब्दांनी वाढले तरी.