मदत हवी आहे : लूप सीलमधून राख सलग परत येत नाही

पूर्वरात्र : आमच्या सीएफबीसी बॉयलरमध्ये (भट्टीत हवेवर फिरत्या तप्त कणांत इंधन जळते तो) सायक्लोनखालच्या, म्हणजे धुरातून राख वेगळी करणाऱ्या भागाखालच्या, स्टँडपाइपमध्ये (उभ्या नळीत) राख साचत जाते, भट्टीतील दाबफरक उतरतो, बेडचे (भट्टीतील तप्त कणांच्या थराचे) तापमान ८६० अंशांवरून ९२० कडे सरकते आणि मग साचलेली सगळी राख एकदम भट्टीत कोसळते. लूप सीलची, म्हणजे स्टँडपाइपमधील राख हवेच्या जोरावर भट्टीत परत सोडणाऱ्या सांध्याची, हवा वाढवूनही उपयोग झालेला नाही. उत्तर कृपया लवकर द्यावे, लोड उतरवावा लागला आहे.

कणाद : इंधन कोणते आणि लूप सीलच्या दोन कप्प्यांपैकी (स्टँडपाइपखालचा व परतीचा) हवा कोणत्या कप्प्याची वाढवलीत, हे कळल्याशिवाय काय सांगणार?

सह्यकडा : लूप सील काढून एल-व्हॉल्व्ह (इंग्रजी एल अक्षरासारखी वाकवलेली नळी) बसवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वाकणाच्या थोडे वर सोडलेली हवा कमी-जास्त करून कणांचा प्रवाह हवा तसा ठरवता येतो आणि हलणारा भाग नसल्याने काही अडकत नाही.

कणाद : हे पटत नाही. हवेत कण कसे वागतात यावरून केलेल्या जेल्डार्ट यांच्या १९७३ च्या वर्गीकरणातील ‘बी’ गटाच्या, म्हणजे वाळूसारख्या कणांना एल-व्हॉल्व्ह मानवतो. ‘ए’ गटाची बारीक राख मात्र हवा धरून ठेवते आणि पुरवठा बंद केल्यावरही वाहत राहू शकते.

तापीकाठ : आमच्याकडे पऱ्हाट्या जाळताना पोटॅशियममुळे वाळूचे गठ्ठे झाले होते. बेडची वाळू बदलून पाहा.

पूर्वरात्र : इंधन लिग्नाइट आहे, पऱ्हाट्यांचा संबंध नाही. दोन्ही कप्प्यांना एकाच हेडरमधून (मुख्य नळातून) हवा जाते, डँपरही (हवा कमी-जास्त करणारी झडप) एकच आहे.

कणाद : मग मूळ तिथेच असण्याची शक्यता मोठी आहे. स्टँडपाइपखालच्या कप्प्यावर राखेच्या स्तंभाचा भार जास्त असल्यामुळे हवा कमी अडथळ्याच्या, म्हणजे परतीच्या कप्प्याकडे वळते आणि तुम्ही वाढवलेली हवाही तिकडेच जाते. दोन्ही शाखांना वेगळे डँपर व प्रवाहमापक हवेत. हवा बेताने द्या. अति झाल्यास ती स्टँडपाइपमधून वर चढून सायक्लोनमधील विलगीकरण बिघडवते.

जुना ऑपरेटर : हवा सोडणारे नॉझल तुंबले आहेत का, तेही तपासा, पण बॉयलर बंद करून. चालू स्थितीत पोक होल (साचलेली राख मोकळी करायला सळई घालण्याचे छिद्र) उघडल्यास दाबाखालची तप्त राख पाण्यासारखी अंगावर येते.

पूर्वरात्र : वेगळे डँपर बसवायला बॉयलर थांबवावा लागेल. तोवर लोड चढवला तर राख वाहती राहील का?

कणाद : नाही. लोड चढवल्यास सायक्लोनमध्ये आणखी राख येईल आणि स्टँडपाइप अधिक लवकर भरेल. बेडचे तापमान आवरता येईल इतक्याच लोडवर चालवा आणि थांबवण्याची तारीख लगेच ठरवा.