खेळाचं नाव 'तर' ठेवावं का?

खाडीकाठ
आम्ही तिघं मिळून मोबाइलसाठी एक खेळ करतोय. कोकणातली खाडी, पूल अजून झालेला नाही, आणि खेळणारा म्हणजे होडीवाला. भरती-ओहोटी सांभाळायची आणि आधी कोणाला पलीकडे न्यायचं ते ठरवायचं. काठावर बाळंतपणाला निघालेली बाई आहे, टोपलीतली मासळी घेऊन बाजार गाठायच्या घाईतली कोळीण आहे, परीक्षेला निघालेला मुलगा आहे. होडीत जागा मात्र आठांचीच. नाव मी ठरवलंय: 'तर'. आमच्याकडे होडीने खाडी ओलांडतात त्या जागेला तरच म्हणतात. शिवाय जर-तरमधला तरही त्यात आला. हिला थांबवलं तर? दोन वर्षं फाइलवर हेच नाव आहे, पण जोडीदारांना पटत नाही. तुमचं मत सांगा.

अनघा_प
शब्द सुंदर आहे, पण नाव म्हणून ठेवू नका. 'तर' टाकून शोधून बघा, मराठीतलं दर दुसरं वाक्य समोर येईल. त्यात तुमचा खेळ सापडणार कसा? रोमन लिपीत टी-ए-आर लिहिलं की परका माणूस 'टार' वाचणार, म्हणजे डांबर. संगणकवाल्यांना टार फाइल, म्हणजे अनेक फाइलींचं एकत्र गाठोडं, आठवणार. आणि दोन वर्षं वापरलं म्हणून नाव पक्कं होत नाही. माइनक्राफ्ट हा गाजलेला खेळसुद्धा २००९ मध्ये सुरुवातीला 'केव्ह गेम' होतं.

नाखवा
मला हे अजिबात पटत नाही. शोधात सापडण्यासाठी नाव ठेवायला लागलो तर कोकणातल्या खेळाचं नाव 'बोट ॲडव्हेंचर' होईल. पचिसी हे नाव पंचवीसवरून आलं, म्हणजे कवड्यांच्या दानातून, खेळणाऱ्यांच्या तोंडून. आमची आजी भल्या पहाटे उठवून म्हणायची, "तर लागली काय बघ जा." मी उघड्या पायांनी चिखलातून काठापर्यंत पळत जायचो. होडी पलीकडे असली की हाताचा कर्णा करून हाक मारायची आणि अंधारात कंदील हलताना दिसेपर्यंत थांबायचं. तो शब्द आता आमच्या गावातली मुलं बोलत नाहीत, कारण पूल झाला. नाव बदलू नका.

अनघा_प
नाखवा, आठवण खरी आहे, पण पचिसी घरोघरी हातोहात पसरली. या खेळाचं नाव कोणीतरी टाइप करणार, तेव्हाच तो उघडणार. गावातल्या मुलांपर्यंत तो शब्द परत पोचवायचा असेल तर आधी खेळ त्यांना सापडायला हवा.

वर्ग_९
हक्काचंही बघा. इतका साधा शब्द आपल्या एकट्याच्या नावावर करून घेणं अवघड असतं, आणि दुसऱ्याशी भांडण लागू शकतं ते वेगळं. माइनक्राफ्टवाल्या मोजांग कंपनीने 'स्क्रोल्स' नावाचा खेळ आणला, तर 'द एल्डर स्क्रोल्स' या खेळवाल्यांनी नावावरून २०११ मध्ये दावा ठोकला. पुढच्या वर्षी तडजोड झाली, पण तोवर किती वेळ गेला असेल! ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर वर्ग ९ म्हणजे सॉफ्टवेअर आणि वर्ग ४१ म्हणजे करमणूक, दोन्हीत शोधा. मराठी आणि रोमन, दोन्ही लिप्यांत.

रेवा
'तरीवर' कसं वाटतं? "तरीवर भेटू" असं माणसं खरोखर म्हणतात. शब्द तोच राहतो आणि शोधात गर्दीही कमी.

नाखवा
पुण्या-कोल्हापुरात 'तरी' म्हटलं की मिसळीवरचा लाल तवंग डोळ्यांपुढे येतो. 'तर'ला ही अडचण नाही.

अनघा_प
चिन्हात होडी आणि कंदील असला की मिसळ कोणाच्या मनात येणार नाही. प्ले स्टोअरवर नावाला ३० अक्षरं मिळतात. 'तरीवर : खाडीची होडी' आरामात बसतं. एकटं 'तर' मात्र नकोच.

खाडीकाठ
खेळात काठावर चढताना लाकडी पाटी लागते, ती आतापर्यंत कोरीच होती. आत्ता तिच्यावर आधी 'तर' लिहून पाहिलं. पुढचं वाक्य अर्धवट राहिल्यासारखं वाटलं. मग 'तरीवर' लिहिलं आणि कंदिलाचा उजेड तिच्यावर पाडला. नाखवा, तुमच्या आजीचं वाक्य पहिल्या प्रवासात वापरू का? तुमची परवानगी हवी. पाटीचं चित्र दोघा जोडीदारांना पाठवलंय.

नाखवा
वापरा. फक्त "लागली काय" असंच ठेवा, "आली का" करू नका.