‘अ‍ॅनिमल फार्म’ वाचून तुम्हाला नेमका कोणाचा राग आला?

जेमतेम दहा प्रकरणांचं पुस्तक, एका बैठकीत संपतं. पण लातूरच्या आमच्या वाचक गटात त्यावरून जो वाद पेटला तो घरी जायची वेळ झाली तरी मिटेना. जॉर्ज ऑर्वेल यांनी ते दुसऱ्या महायुद्धात लिहिलं. रशिया तेव्हा ब्रिटनचा दोस्त, त्यामुळं तिथला हुकूमशहा स्टालिन याच्यावरचं व्यंग छापायला एकामागून एक प्रकाशकांनी नकार दिला आणि ऑगस्ट 1945 मध्ये ते कसंबसं बाहेर पडलं. इथपर्यंत सगळ्यांचं जमलं. जनावरं मालकाला हाकलतात, मग डुकरंच मालक होऊन बसतात, यात दोष कोणाचा म्हटलं की प्रत्येकाचं बोट वेगळीकडं.

मला बेंजामिन गाढवाचा राग आला, अजून गेलेला नाही. त्याला डुकरांइतकंच वाचता येतं. उठावानंतर भिंतीवर लिहिलेले सात नियम डुकरांनी बदललेत का, हे क्लोव्हर घोडी त्याला वाचून दाखव म्हणते तर तो नाही म्हणतो. तोंड उघडतो ते बॉक्सर घोडा खाटकाच्या गाडीत चढल्यावर!

मराठवाड्यातल्या वाचकांनो, परीक्षण नको. तुमचं काय झालं ते लिहा.

उदगीरकडचा शेतकरी

रशियाचं मला मुलीनं मागाहून सांगितलं. मी बॉक्सरपाशीच अडकलो. आमच्याकडं देवणी बैलांची जोडी होती. पोळ्याच्या आदल्या सांजेला खांदेमळणी करताना मानेवरचा घट्टा हाताला लागायचा. जुवानं पडलेला, टाचेसारखा कडक. लोणी-हळद कितीबी चोळा, मऊ पडायचा नाही. बॉक्सरचं खूर फुटतं तरी तो पवनचक्कीचे दगड ओढायचं सोडत नाही, तिथं मला तो घट्टा आठवला. वडिलांनी थकलेला बैल दावणीलाच ठेवला, कडबा महाग झाला तरी. म्हणून त्याला विकून डुकरांनी दारू आणली हे वाचलं आणि पुस्तक मिटवून ठेवलं. पुढचं नंतर वाचलं. लोक याला विनोदी म्हणायलेत. हसायचं कुठं, ते कुणीतरी दाखवा.

बीड जिल्हा, सध्या परिचारिका

सगळे बॉक्सरसाठी रडतात. कोंबड्यांबद्दल कुणीच बोलत नाही. अंडी विकायला न्यायला लागल्यावर त्या आढ्यावर चढून अंडी घालतात, ती खाली पडून फुटतात, पण डुकरांच्या हाती देत नाहीत. मग त्यांचा दाणा बंद होतो, नऊ कोंबड्या मरतात. बाकीच्यांना सांगितलं जातं की रोगानं गेल्या.

माझे आई-वडील कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला जायचे. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली असायची आणि हंगाम संपला तरी ती फिटलेली नसायची. वही मुकादमाकडं. तो आकडे वाचायचा, आई मान हलवायची. स्क्वीलर डुक्कर उत्पादन किती पटींनी वाढलं ते वाचून दाखवतं आणि जनावरांना आकडे पटतात, फक्त पोट रिकामं असतं. ते पान मी आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, “वही बघायला मागितली असती तर पुढच्या साली टोळीत घेतलं नसतं.” दादा, म्हणून विचारते, बेंजामिन एकटा बोलून काय झालं असतं? कोंबड्या बोलल्याच की.

परभणी, निवृत्त प्राध्यापक

मला पुस्तक आवडलं नाही. ऑर्वेलच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही. स्पेनमध्ये फॅसिस्टांविरुद्ध लढताना त्यांच्या गळ्यातून गोळी गेली होती आणि ते शेवटपर्यंत समाजवादीच होते. पण या पुस्तकाचा वापर बघा. 1954 च्या कार्टूनपटामागं अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेचा पैसा होता आणि त्यात शेवटही बदलला. माझे आजोबा निजामाच्या राज्यात देशमुखाच्या वाड्यावर वेठीला जायचे, 1948 ची पोलीस कारवाई होईपर्यंत. “उठू नका, शेवटी डुकरंच राज्य करतात,” असं त्यांना कुणी सांगितलं असतं तर? गरिबाच्या हाती हे पुस्तक देताना मला भीती वाटते.

नांदेड, बी.ए.ची विद्यार्थिनी

मला मेंढ्या. वाद सुरू झाला की एकच घोषणा, समोरचा गप्प होईपर्यंत. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर हेच चालतं.

धागा काढणारा, लातूर

सर, उठाव चुकला असं पुस्तक कुठंच म्हणत नाही. त्या दिवशी जनावरांना कुणी चाराच घातलेला नसतो, म्हणून ती उठतात. 1947 च्या युक्रेनी आवृत्तीच्या प्रस्तावनेत ऑर्वेल यांनी हे कुठून सुचलं ते सांगितलंय. अरुंद वाटेवर दहाएक वर्षांचा पोरगा भल्यामोठ्या गाडीच्या घोड्याला चाबूक मारत चालला होता. या जनावरांना स्वतःची ताकद कळली तर आपलं त्यांच्यापुढं काही चालणार नाही, असं त्यांच्या मनात आलं. तुमच्या आजोबांना हे पुस्तक द्यायला मला भीती वाटली नसती.

आणि ताई, कोंबड्या बोलल्या तोवर डुकरांची राखणदार कुत्री तयार झाली होती. उठावाच्या दुसऱ्याच दिवशी पाच बादल्या दूध निघतं, संध्याकाळी ते नाहीसं झालेलं असतं, डुकरांनीच लांबवलेलं. भांडायला हवं होतं ते तेव्हा. त्या वेळी बोलायला जीव द्यावा लागत नव्हता, म्हणून माझा राग बेंजामिनवरच आहे.

अंबाजोगाई, शिक्षिका

नववीला गोष्ट सांगितली. सात नियम फळ्यावर लिहिले आणि मधल्या सुट्टीत ‘पलंगावर झोपायचं नाही’ यात ‘चादर घालून’ एवढं घुसवलं, पुस्तकात होतं तसंच. तास सुरू झाला. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, हे असं नव्हतं.” बाकीचे म्हणाले, असंच होतं. तिनं सकाळीच उतरवून घेतलं होतं, वही पुढं आणून दाखवली. तर दोघं-तिघं तिलाच म्हणाले, तू चुकीचं लिहिलं असशील. मी काही बोलले नाही. पुढच्या तासाला निम्म्या वर्गानं नियम वहीत उतरवले. उरलेल्यांनी का नाही, ते सोमवारी विचारणार आहे.